तिसरी पायरी

वास्कोच्या टिळक मैदानात, पूर्वेकडच्या तिसऱ्या पायरीवर
माझी एक जागा होती. कुणी दिलेली नव्हती.
सिमेंटला खळगा पडलेला, त्यात पाणी साठायचं,
ते रुमालाने टिपायचं, मग बसायचं.
शेजारी कायतान. गोल झालेला त्याला सगळ्यांत शेवटी कळे,
कारण तो अख्खा वेळ पंचाशी भांडत असे.

मी बंदरात वजनाचा कारकून.
बार्जमधून उतरलेलं खनिज टनाटनाने वहीत मांडायचं
आणि साडेतीनला सायकल काढायची.
मुरगाव डॉकर्सचे शर्ट म्हणे पांढरे होते.
आम्ही ते तांबूसच पाहिले.
शैलजा माझी कॉलर बघून विचारायची,
‘कामावरून आलात की मैदानावरून?’
धूळ एकच होती, सांगणार काय.

कंपनीच्या पगारपत्रकावर सगळा संघ फिटर.
एकालाही पाना धरता येत नव्हता.
फक्त इनास बार्रेटोच्या नावापुढे ‘इलेक्ट्रिशियन’,
आणि तो डाव्या कडेने सुटला की खरंच
कुठेतरी तार जोडली जायची
आणि आम्ही पायरीवरून उठायचो, न ठरवता.

त्याच्यावर माझं प्रेम होतं, असं म्हणताना जीभ अडते.
पण सख्ख्या भावाला कावीळ झालेली असताना
मी पेपरात आधी याच्या गुडघ्याची बातमी शोधली,
याला दुसरं काय नाव आहे?

शहाण्णव साली त्याने पेनल्टी बारवरून मारली.
फायनल होती.
कायतान आठवडाभर गप्प.
मी गप्प राहिलो नाही. जाळीला तोंड लावून
त्याच्या आईपर्यंत गेलो.
ते शब्द अजून दातांत आहेत,
कच्चं बिंबल चावल्यासारखे.

पुढे खाणी थांबल्या, बार्ज नदीत गंजत उभे राहिले,
आणि क्लब तोट्यात आहे, हे हिशेबनिसाला उमगलं.
तो कधी फायद्यात असेल असं
आम्हाला तरी कुठे वाटलं होतं?
फाटकावर चार ओळींची नोटीस. त्यात एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक.
मी खिशातलं पेन काढून ती दुरुस्त केली.
तेवढंच माझ्या हातात होतं.

आता नातू मला फातोर्ड्याला नेतो.
तिकीट फोनवर, खुर्चीला नंबर, रात्रीचा दिवस.
खेळ चांगला असतो, खोटं कशाला बोलू,
आमच्या पोरांना हे पाय दिसलेही नसते.
पण खुर्ची कोरडी असते.
रुमाल खिशातच राहतो.

गेल्या चतुर्थीआधी चिखलीच्या तिठ्यावर
शाळेची बस पुसत असलेला इनास दिसला.
डावा पाय किंचित ओढत होता.
मी अठ्ठावीस वर्षं घोळवलेलं वाक्य काढलं:
त्या पेनल्टीच्या वेळी मी तुला फार वाईट बोललो.
‘कसली पेनल्टी?’ त्याने फडकं पिळलं.
‘सतरा मारल्या, चार गेल्या. सगळेच बोलायचे.’

मग आपणहून सांगू लागला
एका शून्य-शून्य सामन्याबद्दल. धो धो पाऊस,
पायऱ्यांवर तीस-चाळीस माणसं असतील-नसतील,
आणि तो मधल्या रेषेवरून निघालेला,
एक, दोन, पाच जण मागे,
आणि चेंडू खांबाला लागून परत.
‘तसा मी परत कधी खेळलो नाही.
तूं आशिल्लो?’

चाळीस वर्षांत मी एकच सामना चुकवला.
इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर होतो,
आत शैलजा, आणि थोड्या वेळाने मुलगी.
बाहेर तोच पाऊस.

‘आशिल्लो,’ मी म्हणालो. ‘तिसऱ्या पायरीवर.’
त्याने मान हलवली,
तिथे मला पाहिल्यासारखी.

मग तो चढला, बस चालू केली,
हॉर्न दाबला. वाजेना. पुन्हा दाबला.
‘इलेक्ट्रिशियन ना रे तू?’
तेव्हा कुठे हसला,
पुढचे दोन दात नसलेला.